दिवसाला नऊ चहा: ऊसपट्ट्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातलं आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरात आणि कामावर सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे. मी तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अण्णांना माझ्याकडे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं.

पार्श्वभूमी

अण्णा 42 वर्षांचे. सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात ॲग्री ओव्हरसियर. उसाच्या नोंदी घ्यायच्या, फड म्हणजे तोडणीची शेतं पाहायची, ऊसतोड्यांच्या टोळ्यांना तोड लावून द्यायची (कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवायचं), टोळ्यांचे मुकादम आणि शेतकरी यांच्यातली भांडणं मिटवायची, हे त्यांचं काम. गळीत हंगाम सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माणूस मोटरसायकलवरच असतो.

घरात पाच माणसं: अण्णा, वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, अण्णांची आई, मोठी मुलगी आणि आठवीतला मुलगा. तीन एकर ऊस आहे आणि वडिलांच्या नावचं कारखान्याचं सभासदत्व पुढे चालत आलेलं. त्यामुळे दिवाळीला सवलतीच्या दरातली सभासदांची साखर घरात येते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोतं उभं, त्यातून डबा भरायचा, डबा संपला की परत पोत्यात हात. तेल किती लागतं हे वहिनींना महिन्याच्या हिशोबासकट पाठ होतं. साखरेचं विचारलं तर म्हणाल्या, "तिचा कुठं हिशोब असतोय? घरचीच हाय."

या एका वाक्यात मला निम्मं प्रकरण दिसलं. जी वस्तू दुकानातून तोलून आणावी लागत नाही तिच्यावर कुणाची नजर राहत नाही. शिवाय ज्या गावाची घरं, शाळा आणि रस्ते साखरेच्या पैशावर उभे राहिले, तिथे साखरेला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. मला ते समजतं आणि मी तसं म्हणायला गेलेही नाही.

तक्रार आणि तपासण्या

डिसेंबरात अण्णा डॉक्टरांकडे गेले ते थकव्यासाठी. दुपारी चारच्या सुमाराला अंगातलं बळ जातं, डोकं जड होतं, गाडीवर बसल्या बसल्या डुलकी येते. रात्री झोप लागते पण दोनला मोडते, लघवीला उठावं लागतं आणि मग पहाटेपर्यंत डोक्यात फडांचे हिशोब. वहिनींची तक्रार वेगळी होती: पूर्वी हा माणूस घरात आवाज चढवायचा नाही, आता मुलाच्या हातून पेन पडलं तरी खेकसतो, आणि जेवताना कुणाशी बोलत नाही.

उंची 168 सेंटिमीटर, वजन 84 किलो, कंबर 101 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा 90 धरतात. उपाशीपोटी साखर 114, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 6.3 टक्के. ती 5.7 ते 6.4 असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असं मानतात, 6.5 पासून मधुमेह. ट्रायग्लिसराइड 312, जे 150 च्या आत हवं. यकृतावरचा ताण दाखवणारी एसजीपीटी 68, म्हणजे वाढलेली, आणि सोनोग्राफीत यकृतावर दुसऱ्या पायरीची चरबी. दारू नाही, तंबाखू नाही. थायरॉइड आणि बी-12 ठीक. दोन दाढा किडलेल्या. आईला बरीच वर्षं मधुमेह, गोळ्या चालू.

अशी माणसं आपल्या अवतीभवती खूप आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही साधारण 10.1 कोटी आणि उंबरठ्यावरचे 13.6 कोटी असा अंदाज होता. अण्णा त्या दुसऱ्या गटातले, आणि या गटातल्या माणसाच्या हातात अजून बरंच काही असतं.

साखर नेमकी कुठून येत होती

पहिल्या भेटीत मी विचारलं, चहा किती होतो. "तीन-चार." गोड? "गोडाची मला आवडच नाय." अण्णा खोटं बोलत नव्हते. श्रीखंड, जिलेबी, पेढे असं गोड ते खरंच क्वचित खायचे. चहा त्यांच्या लेखी गोडात मोडत नव्हता.

म्हणून आठवण्यावर न राहता लिहायचं ठरलं. त्यांच्या खिशात फडांच्या नोंदीची छोटी डायरी असतेच. तिच्या मागच्या पानावर प्रत्येक चहा लिहायचा, वेळ आणि जागा, एवढंच. एका दिवसाचं पान माझ्यासमोर होतं. पहाटे साडेपाच, घर. आठ, घर, सोबत टोस्ट. त्यानंतर सहा नोंदी, प्रत्येकीपुढे शेतकऱ्याचं नाव किंवा वस्तीचं: मळ्यातला, विहिरीजवळचा, टोळीच्या खोपटावरचा. तीन वाजता "थंडा". संध्याकाळी सात, घर. एकूण नऊ चहा. जेवण मात्र त्या पानावर चार वाजता होतं. डबा गाडीला लटकलेला, आणि सकाळपासून पोटात चहा आणि टोस्ट.

वहिनींना मी डब्यातला चमचा वजनकाट्यावर टाकायला सांगितलं. शिगोशीग भरलेला तो चमचा 7 ग्रॅमचा निघाला आणि घरच्या प्रत्येक कपात दोन पडत होते. म्हणजे घरचे तीन चहा 42 ग्रॅम. बाहेरच्या सहा अर्ध्या-अर्ध्या कपांत प्रत्येकी 8 ग्रॅम धरले तरी 48. शीतपेयाच्या 250 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 27. टोस्ट आणि रात्री जेवणावर खाल्लेला गुळाचा खडा मिळून आणखी पंधरा-सोळा. बेरीज 130 च्या पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगलं. 2000 उष्मांकांच्या आहारात याचा अर्थ 50 ग्रॅम, आणि जमलं तर 25.

अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला. "आवडत नाय म्हणून एवढी?"

साखरेच्या रेणूत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर येतो, आणि तो सतत गरजेपेक्षा जास्त आला की यकृत त्याची चरबी बनवतं. तीच रक्तात ट्रायग्लिसराइड म्हणून दिसते आणि यकृतात साठते. अण्णांच्या रिपोर्टातले दोन्ही आकडे या वाटेने आलेले असणं अगदी शक्य होतं, अर्थात कमरेची चरबी आणि आनुवंशिकताही त्यात होत्याच. दाढांचं गणित तर सरळ आहे. दाताला एकूण साखरेइतकाच त्रास ती किती वेळा येते याचा होतो, कारण दर वेळी तोंडातले जीवाणू तिचं आम्ल करतात. नऊ चहा म्हणजे दाताला दिवसभर उसंत नाही.

"माझी शुगर लो होते"

अण्णांचा एक पक्का समज होता की चारच्या सुमाराला त्यांची साखर उतरते. त्यासाठी शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. पुष्कळ लोक असं सांगतात आणि ऐकणारे मान डोलावतात.

इथे पहिला महत्त्वाचा निर्णय झाला. समज खरा धरायचा की तपासायचा? आईचं ग्लुकोमीटर घरात होतं. अण्णांनी ते गाडीच्या डिकीत ठेवलं आणि थकवा आला की गोळी खाण्याआधी बोट टोचून बघितलं. वेगवेगळ्या दिवशीचे तीन आकडे आले: 108, 97, 121. साखर उतरली असं 70 च्या खाली म्हणतात. ती उतरत नव्हती.

मग थकवा कशाचा? मोडलेली झोप, नऊ तास धड जेवण नाही, उन्हात पाणी कमी. आणि गोडाने तरतरी येते हा अनुभवही तपासून पाहण्यासारखा आहे. 31 प्रयोगांचा एकत्र अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साखर खाल्ल्यावर मूड सुधारतो असं आढळलं नाही. उलट अर्ध्या तासात थकवा आणि तासाभरात सावधपणातली घट दिसली. गोळ्या खिशातून गेल्या त्या या तीन आकड्यांमुळे, माझ्या समजावण्यामुळे नव्हे.

मनाचं काय

वहिनींची तक्रार मला थकव्याइतकीच गंभीर वाटत होती. डॉक्टरांनी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची उदासी मोजणारी यादी मराठीतून भरून घेतली. गुण आले 11. 10 ते 14 म्हणजे मध्यम. जीव नकोसा वाटतो का, या नवव्या प्रश्नाला अण्णांनी स्पष्ट नाही म्हटलं.

साखर आणि उदासी यांचं नातं सांगताना मी जपून बोलते. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर चाललेल्या व्हाइटहॉल-2 या दीर्घ अभ्यासातून 2017 मध्ये एक निष्कर्ष आला: गोड पदार्थ आणि पेयांतून दिवसाला 67 ग्रॅमहून अधिक साखर घेणाऱ्या पुरुषांमध्ये पाच वर्षांनी उदासी-चिंतेसारख्या त्रासाची शक्यता 23 टक्क्यांनी जास्त होती. आधी उदासी आली म्हणून गोड वाढलं असावं, हा उलटा धागाही त्यांनी तपासला आणि त्याला पुरावा मिळाला नाही. तरीही हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. त्यावरून समोरच्या माणसाला "तुमची चिडचिड साखरेमुळे आहे" असं सांगणं मला पटत नाही.

आणि अण्णांच्या आयुष्यात चिडचिडीला कारणं कमी नव्हती. त्या हंगामात तोडणी टोळ्या कमी आल्या होत्या. "आमच्या उसाला तोड कधी?" हा प्रश्न पहाटेपासून रात्रीपर्यंत फोनवर. उसाला तुरा आला, वजन घटतंय, पाहुणा असून आमच्याकडे बघत नाही. एकाला तोड दिली की दुसरा नाराज, आणि ती सगळी माणसं गावातलीच.

समोर असलेले पर्याय

चहाच बंद करणं हा पहिला पर्याय अण्णांनी स्वतःच मांडला आणि माझ्या होकाराची वाट न बघता अमलातही आणला. तिसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखत होतं. नऊ चहांचं कॅफिन एका दमात थांबलं की असं होतंच; हे दुखणं एका दिवसाच्या आत सुरू होतं आणि आठवडाभरही टिकू शकतं. अण्णांना वाटलं, साखर सोडल्याने शरीर ढासळतंय. अनेकांचे प्रयत्न इथेच संपतात. म्हणून चहा परत सुरू केला आणि साखर आधी, कप नंतर, असा क्रम ठरला.

दुसरा पर्याय आईंचा: "गूळ घाला, गुळानं काय होतंय?" गुळाच्या चहाच्या पाट्या आता प्रत्येक हायवेवर आहेत, त्यामुळे हा पर्याय फार आकर्षक दिसतो. पण 100 ग्रॅम गुळात साधारण 85 ते 90 ग्रॅम साखरच असते. थोडं लोह आणि खनिजं असतात, पण त्यासाठी यकृताने तेवढी साखर सोसावी असं नाही. गूळ चवीसाठी खावा, औषध म्हणून नाही. आईंना हे पटलं नाही.

साखरेऐवजी गोडी देणाऱ्या गोळ्या हा तिसरा. वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही. अण्णांच्या बाबतीत जिभेची गोडी खाली आणणं हेच काम होतं, म्हणून गोळ्या टाळल्या.

औषध लगेच सुरू करावं का, यावर डॉक्टरांशी बोलणं झालं. तीन महिने आहार आणि चालणं, मग परत तपासणी, असा त्यांचा निर्णय झाला.

मनासाठी डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. अण्णा उठूनच उभे राहिले. "मला काय येड लागलंय?" जबरदस्ती करण्यात अर्थ नव्हता, तसं सोडूनही देता येत नव्हतं. मग एक अट कागदावर लिहिली आणि वहिनींसमोर वाचली: सहा आठवड्यांनी यादी परत भरायची. गुण 10 च्या खाली नीट उतरले नाहीत तर समुपदेशकाकडे जायचं. 15 च्या वर गेले किंवा नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये टाकला.

काय केलं

घरातली गोष्ट सोपी होती. चहा बिनसाखरेचा उकळायचा, साखर वरून घालायची, चमचा सपाट भरायचा. दोनाचा दीड, दीडाचा एक, एकाचा अर्धा, दर दहा-बारा दिवसांनी एक पायरी. पोत्यातली निम्मी साखर वहिनींनी नणंदेकडे पाठवली. उरलेली महिन्याच्या मापाने डब्यात काढायला लागल्या, तेव्हा त्यांना कळलं की पाच माणसांच्या घरात पाहुणेरावळे धरून महिन्याला बारा किलो साखर जात होती.

सकाळी टोस्टऐवजी भाकरी आणि भाजी, किंवा दोन अंडी. डबा एक वाजता, कुठेही असलं तरी. चार वाजता मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, फोन घरी ठेवून. ही शेवटची अट वहिनींची.

खरी अडचण होती ती वस्तीवरच्या सहा चहांची. शेतकऱ्याच्या दारात गेल्यावर चहा नाकारला तर त्याचा अर्थ चहापुरता राहत नाही. "आमच्याकडं घोटभर बी घेतला नाय, शेजारच्याकडं बसून पिला," ही गोष्ट तोडीच्या वादात जाऊन मिसळते. शुगर आहे म्हणून सांगायला अण्णा तयार नव्हते. अजून मधुमेह झालेला नाही, आणि गावात एकदा नाव लागलं की ते निघत नाही. ॲसिडिटीचं कारण दोन ठिकाणी चाललं, तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी औषध आणून दिलं.

यावर मार्ग अण्णांनीच काढला. दारात पाय ठेवताच तेच म्हणायला लागले, "वहिनी, ताक हाय का?" मागितलेली वस्तू द्यायला घरच्या बाईला चहापेक्षा जास्त आनंद होतो, हे त्यांना ठाऊक होतं. ज्या घरी दुभतं आहे तिथे ताक, नसेल तिथे "कोराच द्या, साखर न घालता, अर्धा कप." ऊसतोड्यांच्या खोपटावर मात्र ते मिळेल तो चहा पीत राहिले. तिथे फरमाईश करणं त्यांना बरं वाटलं नाही, आणि मलाही ते योग्य वाटलं.

निकाल

सहा आठवड्यांनी साखर दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास आली होती, चहा चारवर. दुपारचा थकवा बराच गेला होता, आणि अण्णांच्या मते त्याचं श्रेय एक वाजताच्या डब्याचं. पीएचक्यू-9 चे गुण 9. कागदावरची अट शब्दशः बघितली तर 10 च्या खाली. पण झोप अजून दोनलाच मोडत होती आणि "काही करण्यात रस वाटत नाही" या प्रश्नाचं उत्तर तसूभर हललं नव्हतं.

हा दुसरा महत्त्वाचा निर्णय. आकडा खाली आला म्हणून समाधान मानायचं की उरलेल्या दोन उत्तरांकडे बघायचं? वहिनी म्हणाल्या, "नीट उतरले नाहीत असं लिहिलंय. नऊ म्हणजे नीट हाय का?" या वेळी अण्णा उठले नाहीत. समुपदेशकाकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ते तोडीबद्दल तासभर बोलले, असं त्यांनीच सांगितलं. पुढे रात्री नऊनंतर कामाचा फोन बंद ठेवायची परवानगी त्यांनी कार्यालयाकडून मागून घेतली. झोप सुधारली ती त्यानंतर.

मार्चअखेरची तपासणी अशी: वजन 79.5 किलो, कंबर 96, ट्रायग्लिसराइड 178, एसजीपीटी 41, एचबीएवनसी 5.9. उदासीचे गुण 5. दाढांचं काम झालं. औषध सुरू करावं लागलं नाही.

पुढच्या हंगामात मधल्या तपासणीला वजन 81 आणि एचबीएवनसी 6.0 होती. दिवाळीनंतर शीतपेय परत सुरू झालं होतं, ते डायरीच्या मागच्या पानावर दिसलं, कारण ते पान अण्णांनी स्वतःहून पुन्हा लिहायला घेतलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

हंगामाच्या ऐन मध्यात हे सुरू झालं. जून-जुलैत, कामाचा ताण कमी असताना घरचे तीन चहा आधी खाली आणले असते तर वस्तीवरचे सहा हाताळायला जिभेची सवय आधीच झालेली असती. उंबरठ्यावरचे आकडे एका रात्रीत येत नाहीत. कारखान्याच्या वार्षिक आरोग्य तपासणीत शेती खात्याचे फिरते कर्मचारी बहुतेक वेळा हजरच नसतात, कारण ते फडात असतात. तपासणी गट कार्यालयात ठेवली तर त्यांना एक-दोन वर्षं आधी कळू शकतं.

कागदावरची अट अधिक नेमकी हवी होती. एकूण गुणांची रेषा आखली, पण झोप आणि रस या दोन उत्तरांसाठी वेगळी अट नव्हती. वहिनींनी "नीट" या शब्दावर बोट ठेवलं म्हणून ते निभावलं.

सगळं लक्ष अण्णांवर राहिलं हेही खरं. बारा किलोंपैकी अण्णा घरी खात होते ती साखर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. बाकीची घरातल्या इतरांकडे आणि पाहुण्यांकडे जात होती, त्यात दुधात तीन चमचे घालून पिणारा आठवीतला मुलगा. शिवाय मधुमेही आई गुळाचा चहा पीत होत्याच. वहिनींनी आता मुलाच्या पेल्याचं माप घ्यायला सुरुवात केली आहे. आईंची एचबीएवनसी पुढच्या महिन्यात आहे, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवून गुळाबद्दल परत बोलायचं असं अण्णांनी आणि मी ठरवलं आहे.